शिर्डीचं मैदान आणि कलम १२३ (४)

शिर्डी म्हटलं की आपल्यासारख्या पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांना आठवतं ते शुक्रवारी रात्री निघणं, काकड आरतीची रांग आणि रविवारी संध्याकाळी परतताना लागणारं ट्रॅफिक. मी त्याच भागातला, राहाता तालुक्यातला, त्यामुळे मला आणखी एक गोष्ट आठवते. लोकसभेची निवडणूक सहा-सात महिन्यांवर आली की शिर्डीत पंतप्रधानांची सभा होते. नियम वगैरे काही नाही, पण लागोपाठ दोनदा तसं झालंय. १९ ऑक्टोबर २०१८ ला साईबाबांच्या समाधी शताब्दीच्या सांगतेला नरेंद्र मोदी आले. तेव्हाचा मुद्दा होता घरांचा: आधीच्या सरकारने शेवटच्या चार वर्षांत २५ लाख घरं बांधली, आमच्या सरकारने तेवढ्याच काळात सव्वा कोटी. पुढची सभा २६ ऑक्टोबर २०२३ ची. यावेळी मुद्दा शेतीचा होता आणि रोख एका माणसावर होता. नाव न घेता.

या दुसऱ्या सभेपासूनच सुरुवात करतो, कारण ज्या जुन्या गोष्टीकडे मला यायचंय तिचा धागा तिथूनच सुटतो.

त्या दिवशी निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण होतं. निळवंडे हा आमच्या भागात विनोदाचा विषय होऊन बसला होता. १९७० साली ही योजना पुढे आली. आधी म्हाळादेवीला धरण होणार होतं, मग जागा बदलली आणि ते निळवंड्याला आलं. सुरुवातीचा अंदाज आठ कोटींच्या आसपास, आणि कालव्यात पाणी सुटलं तोवर खर्च ५,१७७ कोटी. सॉफ्टवेअरमध्ये एखादं प्रोजेक्ट दोन वर्षं लांबलं तर आपण 'पोस्टमॉर्टेम' करतो, इथे त्रेपन्न वर्षं. ८५ किलोमीटरचा कालवा, सात तालुके (सहा नगरचे, एक नाशिकचा सिन्नर), १८२ गावं. ज्यांच्या आजोबांनी पाण्याची वाट पाहिली त्यांच्या नातवांच्या शेतात ते आलं. साहजिकच श्रेय कुणाचं यावर भांडण झालं. महसूलमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री राधाकृष्ण विखे पाटील सभेचे यजमान, आणि संगमनेरचे काँग्रेस नेते बाळासाहेब थोरात म्हणणार की कालव्यांची बरीचशी कामं आमच्या काळातली. दोघांच्याही समर्थकांचे फ्लेक्स एकाच रस्त्यावर लागलेले असायचे.

पण गाजलं ते वेगळंच. मोदी म्हणाले की महाराष्ट्रातले एक ज्येष्ठ नेते देशाचे कृषिमंत्री होते, त्यांनी शेतकऱ्यांसाठी काय केलं? आणि आकडे दिले. त्यांच्या सात वर्षांत हमीभावाने धान्यखरेदी साडेतीन लाख कोटींची, आमच्या सात वर्षांत साडेतेरा लाख कोटींची. व्यासपीठावर उपमुख्यमंत्री अजित पवार बसले होते. काकांना सोडून सरकारात येऊन त्यांना चार महिनेही झाले नव्हते. टीव्हीचे कॅमेरे कुणाच्या चेहऱ्यावर होते ते सांगायला नको.

दोन दिवसांनी शरद पवारांनी पत्रकार परिषद घेतली. मी सात नव्हे, २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं कृषिमंत्री होतो, असं सांगून त्यांनी एकेका पिकाचे हमीभाव वाचून दाखवले. सरकारी तक्ते उघडले की ते पडताळून पाहता येतात. साध्या प्रतीच्या भाताचा हमीभाव २००४-०५ ला ५६० रुपये क्विंटल होता, २०१३-१४ ला १,३१० झाला. म्हणजे नऊ वर्षांत सुमारे १३४ टक्के वाढ. २०२३-२४ ला तो २,१८३, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत सुमारे ६७ टक्के. गव्हाचं गणितही साधारण असंच: ६४० वरून १,४०० आणि मग २,२७५.

मग खोटं कोण बोललं? कुणीच नाही! खरेदीवरचा एकूण खर्च म्हणजे भाव गुणिले किती क्विंटल घेतलं. पंतप्रधानांनी गुणाकार सांगितला, पवारांनी त्यातला एक घटक सांगितला. वाढीचा वेग काढताना महागाई वजा करायची की नाही हे दोघांनीही सांगितलं नाही. आपल्याकडे क्लायंटला डॅशबोर्ड दाखवताना जो चार्ट चांगला दिसतो तो वर ठेवतात, तसंच.

गंमत पुढेच आहे. भात आणि गव्हाची सरकारी खरेदी प्रामुख्याने होते पंजाब, हरियाणा, छत्तीसगड, तेलंगण अशा राज्यांत. ज्या मैदानात हे आकडे टाकले गेले, त्याच्या आजूबाजूला पिकतो ऊस आणि कांदा. उसाला २००९ पासून एफआरपी आहे, तो हमीभावाच्या यादीत नसतो आणि पैसे कारखान्याने द्यायचे असतात. कांद्याला हमीभावच नाही. त्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं होतं. शिर्डीच्या सभेनंतर दोनच दिवसांनी, म्हणजे पवारांच्या पत्रकार परिषदेच्याच सुमारास, टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य लावलं गेलं, आणि डिसेंबरमध्ये तर सरळ निर्यातबंदी आली. ती उठली ४ मे २०२४ ला, नगर आणि शिर्डीचं मतदान तोंडावर आलेलं असताना. म्हणजे सभेत नि पत्रकार परिषदेत भात-गव्हावर वाद चालू, आणि ऐकणाऱ्याच्या चाळीत कांदा सडतोय.

असो. मला सांगायचंय ते हे की या भांडणात पंतप्रधान विरुद्ध पवार एवढंच नव्हतं. यजमान विखे होते. आणि विखे विरुद्ध पवार हा सामना आमच्याकडे तीन पिढ्यांचा आहे. त्याचा सगळ्यात मोठा डाव १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत खेळला गेला आणि संपला सर्वोच्च न्यायालयात. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या भागात चावडीवर, लग्नात, कारखान्याच्या वजनकाट्यावर ही गोष्ट अजून सांगितली जाते. बहुतेक वेळा अर्धवट.

थोडी पार्श्वभूमी. नगर जिल्ह्याचं (आता अहिल्यानगर) राजकारण बाहेरच्याला पक्षांच्या नावाने कळत नाही, कारखान्यांच्या नावाने कळतं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना सोबत घेऊन सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात पहिलं गाळप झालं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ही त्याची ओळख. मग कोपरगावला काळे आणि कोल्हे, संगमनेरला थोरात, राहुरीला तनपुरे, नेवाशात सोनईला गडाखांचा मुळा. कारखाना, त्याची बँक, कॉलेज, दूध संघ असं एक-एक संस्थान. सगळे काँग्रेसचे, बरेचसे एकमेकांचे सोयरे, आणि भांडण जे काही ते आपसातच. विरोधी पक्षाची गरज फारशी पडत नसे, ते काम पक्षातल्या पक्षातच व्हायचं :)

विठ्ठलरावांचे चिरंजीव बाळासाहेब विखे पाटील १९७१ पासून कोपरगाव मतदारसंघातून सलग पाच वेळा लोकसभेवर गेले. शिर्डी तेव्हा या कोपरगाव मतदारसंघात होती. 'शिर्डी' नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्या पुनर्रचनेनंतर, म्हणजे २००९ च्या निवडणुकीपासून आला. राज्यात शरद पवारांचं वर्चस्व वाढत गेलं तसे विखे त्यांच्या विरोधकांत गणले जाऊ लागले. १९९१ ला काँग्रेसने कोपरगावातून शंकरराव काळे यांना उभं केलं. विखे पाटलांनी मग शेजारचा अहमदनगर मतदारसंघ निवडला आणि अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे यशवंतराव गडाख, सोनईचे, आधी दोनदा निवडून आलेले. गडाख हे लेखकही आहेत, त्यांचं 'अर्धविराम' हे आत्मकथन अनेकांनी वाचलं असेल.

ही निवडणूक तशी सगळ्या देशातच विचित्र होती. २१ मे ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, उरलेलं मतदान पुढे गेलं, महाराष्ट्रात जूनमध्ये झालं. प्रचार लांबला आणि उन्हाळ्यासोबत तापत गेला. मुख्यमंत्री होते शरद पवार, आणि नगरची जागा त्यांच्यासाठी प्रतिष्ठेची होती. निकाल लागला, गडाख जिंकले. फरक बारा हजारांच्या आत. पाच वेळचा खासदार, घरापासून दूर जाऊन, चिन्हाशिवाय, सहानुभूतीच्या लाटेत एवढ्या जवळ पोचला म्हणजे काय चुरस झाली असेल बघा.

इथे बहुतेक गोष्टी संपतात. हरलेला उमेदवार 'जनतेचा कौल मान्य' म्हणतो आणि पुढच्या वेळची तयारी करतो. विखे पाटलांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका टाकली. तक्रारीचा गाभा असा: प्रचारसभांमधून माझ्याबद्दल खोटं सांगितलं गेलं. मी पैसे आणि वस्तू वाटून मतं विकत घेतोय, इतर पक्षांना पैसे देऊन पाठिंबा मिळवतोय, असं मतदारांना सांगितलं गेलं. आणि हे बोलणाऱ्यांत उमेदवार गडाख तर होतेच, शिवाय मुख्यमंत्री पवार होते.

आता कायदा बघू, कारण गोष्टीतली खरी मजा त्यात आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३. यात 'भ्रष्ट आचार' कशाला म्हणायचं ते दिलंय: लाच, धाकदपटशा, धर्म-जातीच्या नावाने मत मागणं वगैरे. त्यातलं चौथं पोटकलम खोट्या विधानाबद्दल आहे. पण कुठल्याही खोट्या विधानाबद्दल नाही. ते विधान वस्तुस्थितीबद्दल हवं, नुसतं मत नको. ते खोटं हवं आणि बोलणाऱ्याचा स्वतःचाच त्याच्या खरेपणावर विश्वास नसावा. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल ते हवं, त्याच्या राजकीय धोरणाबद्दल नव्हे. आणि त्याच्या निवडून येण्याच्या शक्यतेला धक्का लागेल अशा बेताने ते केलेलं हवं. या सगळ्या अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्या अटींमध्ये 'अँड' आहे, 'ऑर' कुठेही नाही. शिवाय पुरावा फौजदारी खटल्यासारखा, संशयाला जागा न ठेवणारा लागतो. म्हणून अशा याचिका दाखल पुष्कळ होतात, टिकतात फार थोड्या.

आणखी एक अडचण काळाची. १९९१ साली सभेत कोण काय बोललं हे सिद्ध करायचं म्हणजे वार्ताहराची वही, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली बातमी, सभेला बसलेल्या माणसाची आठवण, आणि नशीब असेल तर टेपची कॅसेट. आज प्रत्येक भाषणाचे पन्नास व्हिडिओ असतात. तेव्हा 'मी असं बोललोच नाही' म्हणणं फार सोपं होतं. एवढं असूनही विखे पाटलांनी हा खटला लढवला आणि जिंकला.

१९९३ साली उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द केली. तेवढ्यावर थांबलं नाही. याच कायद्याच्या कलम ९९ खाली, खटल्यात पक्षकार नसलेल्या पण भ्रष्ट आचारात सहभागी असलेल्या व्यक्तीलाही नोटीस देऊन, तिचं म्हणणं ऐकून दोषी म्हणून नमूद करता येतं. त्याप्रमाणे न्यायालयाने शरद पवारांनाही दोषी ठरवलं. वेळ बघा: पवार त्याच वर्षी संरक्षणमंत्रीपद सोडून, मुंबईच्या दंगलींनंतर मुख्यमंत्री म्हणून परतले होते. भ्रष्ट आचारात दोषी ठरलेल्याला सहा वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र करता येतं. सर्वोच्च न्यायालयात हे टिकलं असतं तर १९९५ ची विधानसभा, १९९६ आणि १९९८ ची लोकसभा या सगळ्यांत पवार नसते. नव्वदच्या दशकातला महाराष्ट्र त्यांच्याशिवाय कसा असता ते ज्याचं त्याने ठरवावं.

ते टिकलं नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. गडाखांची निवड रद्द करणं बरोबरच ठरवलं, पण पवारांवरचा ठपका काढून टाकला. त्यांच्याविरुद्ध कायद्याच्या कसोटीला पुरेल इतकं सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. त्याच वेळी प्रचारातली भाषा किती खाली गेलीय याबद्दल, आणि वरच्या फळीतले नेते जसं वागतात तसं खालचे वागतात याबद्दल न्यायमूर्तींनी स्पष्ट नाराजी लिहून ठेवली. हे तेच न्यायमूर्ती वर्मा, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर ज्यांच्या समितीचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलं. आणि हेच ते, ज्यांच्या खंडपीठाने दोन वर्षांनी, डिसेंबर १९९५ मध्ये, १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीच्या प्रकरणात रमेश प्रभू यांची निवड रद्द ठेवली. त्या प्रकरणात बाळासाहेब ठाकरेंच्या भाषणांचा ठपका मात्र कायम राहिला आणि त्यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. महाराष्ट्रातले दोन सगळ्यात मोठे वक्ते, एकच न्यायाधीश, दोन वेगळे निकाल. अर्थात पोटकलम वेगळं होतं (ठाकरेंचं धर्माच्या नावाने मत मागण्याचं), पुरावाही वेगळा.

आता चावडीवर ही गोष्ट सांगताना जिथे ती अर्धवट राहते तो भाग. लोक म्हणतात, "विखेंनी कोर्टातून खासदारकी मिळवली." नाही मिळवली. गडाखांची निवड गेली, पण विखे पाटील खासदार झाले नाहीत. १९९४ ला पोटनिवडणूक झाली आणि निवडून आले काँग्रेसचे मारुती शेळके. १९९६ लाही तेच. गडाखांवर सहा वर्षांची बंदी आली. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ खटला लढून विखेंना मिळालं ते एक कागदी वाक्य: माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं. जागा पुन्हा काँग्रेसकडेच.

मला हे वाचताना ब्रिटनमधली एक केस आठवली. २०१० च्या निवडणुकीत ओल्डहॅम ईस्ट अँड सॅडलवर्थ इथे लेबर पक्षाचे फिल वूलास फक्त १०३ मतांनी जिंकले. प्रतिस्पर्धी एल्विन वॉटकिन्स यांच्याबद्दल पत्रकांमध्ये खोटं छापल्याचं सिद्ध झालं आणि निवडणूक न्यायालयाने निवड रद्द केली. तिथे असं जवळजवळ शंभर वर्षांनी घडलं होतं. जानेवारी २०११ ला पोटनिवडणूक झाली, वॉटकिन्स पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. लेबरच्या डेबी अब्राहम्स आल्या. थेट नगरची कॉपी! आणि साम्य योगायोगाचं नाही. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं बोलण्याला निवडणुकीतला गुन्हा मानायची कल्पना ब्रिटनने १८९५ च्या कायद्यात आणली, आपलं पोटकलम त्याच घराण्यातलं. न्यायालय निवड काढून घेऊ शकतं. मतदाराने ज्या पक्षावर शिक्का मारलाय तो पक्ष काढून घेऊ शकत नाही.

मला विचाराल तर, विखे पाटलांनी खटला लढवला हे चांगलं केलं. जागा मिळाली नाही तरी. त्याआधी 'प्रचारात सगळं चालतं' हा समज होता, आणि सहकाराच्या राजकारणात तर जास्तच. एखाद्या बड्या नेत्याला सभेत बोललेल्या वाक्यासाठी दिल्लीपर्यंत उत्तर द्यावं लागेल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पवारांना वगळलं ते मला पुराव्याच्या हिशोबाने पटतं. फौजदारी दर्जाचा पुरावा मागायचा असेल तर तो मुख्यमंत्र्यालाही लागू व्हायला हवा, कमी नाही आणि जास्त नाही. पण या सगळ्याची एक बाजू मला खटकते. कायदा फक्त उमेदवाराच्या अब्रूची काळजी घेतो. विखेंनी पैसे वाटले असं खोटं बोललात तर निवड जाऊ शकते. निळवंड्याचा कालवा मीच बांधला असं खोटं बोललात तर काहीही होत नाही, कारण तो कुणाच्या वैयक्तिक चारित्र्याचा प्रश्न नाही. मतदाराचं नुकसान कशात जास्त होतं? १८२ गावांतल्या लोकांना विचारून बघा.

म्हणून २०२३ चा शिर्डीचा आकड्यांचा वाद मला १९९१ पेक्षा बरा वाटतो. तो अपुरा होता, सोयीचा होता, कांद्याला टाळून होता. पण साडेतेरा लाख कोटी असो की १,३१० रुपये, रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून तासाभरात तपासता येतात. 'त्याने अमक्याला पैसे दिले' हे तपासायला विखेंना दोन न्यायालयं लागली.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात. बाळासाहेब विखे पाटील १९९८ ला ज्या नगरने त्यांना हरवलं होतं तिथूनच निवडून आले, आणि शिवसेनेच्या तिकिटावर! १९९९ ला पुन्हा कोपरगाव, वाजपेयी सरकारात मंत्री, २००४ ला परत काँग्रेसमध्ये. २०१६ ला ते गेले. त्यांचं आत्मचरित्र 'देह वेचावा कारणी' १३ ऑक्टोबर २०२० ला प्रकाशित झालं. प्रकाशन केलं नरेंद्र मोदींनी, व्हिडिओ कॉन्फरन्सने.

त्याच्या दीड वर्ष आधी नातवाची पाळी येऊन गेली होती. २०१९ ला डॉ. सुजय विखे यांना नगरची जागा हवी होती. आघाडीत ती राष्ट्रवादीच्या वाट्याला होती आणि पवारांनी ती काँग्रेसला सोडली नाही. सुजय भाजपमध्ये गेले. त्यांचे वडील राधाकृष्ण विखे तेव्हा विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते, म्हणजे विरोधी पक्षनेत्याचा मुलगा सत्ताधारी पक्षाचा उमेदवार. सुजय पावणेतीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. काही महिन्यांत वडीलही भाजप सरकारात मंत्री झाले. सगळ्या पत्रकारांनी १९९१ ची आठवण काढली. काढणारच.

शिर्डीची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्यामुळे घराण्यांचा थेट सामना तिथे होत नाही, पण उमेदवार कुणाचा, मदत कुणाची आणि 'आतून' काम कुणाचं यावरच तिथली चर्चा चालते. २००९ ला रामदास आठवले इथे आघाडीकडून उभे राहिले आणि शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरेंकडून हरले. वाकचौरे पूर्वी साईबाबा संस्थानचे कार्यकारी अधिकारी होते, म्हणजे गावाला माहितीचे. आघाडीतल्यांनीच आपलं काम केलं नाही ही आठवलेंची तक्रार होती, आणि २०११ मध्ये ते युतीकडे गेले. महाराष्ट्रातल्या शिवशक्ती-भीमशक्तीच्या प्रयोगाला शिर्डीचा पराभव हे एक कारण होतं, हे बाहेर फारसं कुणी लक्षात ठेवत नाही. वाकचौरेही मग काँग्रेसमध्ये गेले, २०१४ ला हरले, पुढे परत आले आणि २०२४ ला उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून सुमारे ५० हजार मतांनी जिंकले. समोर दोन वेळचे खासदार सदाशिव लोखंडे, एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेकडून. कालव्याला पाणी आलं होतं तरीही.

आणि नगर. २०२४ ला सुजय विखेंसमोर पवारांनी पारनेरचे निलेश लंके दिले. कोविडच्या काळात भाळवणीच्या केंद्रामुळे नावारूपाला आलेले, साध्या घरातले. या प्रचारात मुख्य मुद्दा काय झाला असेल? कांदा? दूध? निळवंडे? इंग्रजी! सुजय विखे हे न्यूरोसर्जन. मी संसदेत जसं इंग्रजी बोललो तसं समोरच्या उमेदवाराने महिनाभर पाठ करून जरी बोलून दाखवलं तरी मी अर्ज भरणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. आता हे मत झालं, वस्तुस्थितीबद्दलचं विधान नाही, त्यामुळे कलम १२३ (४) मध्ये बसत नाही. मतदाराच्या कलमात मात्र बसलं असावं. लंके सुमारे २९ हजार मतांनी निवडून आले.

जून २०२४ मध्ये नव्या लोकसभेत शपथविधी झाला. लंकेंचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी शपथ घेतली ती अख्खी इंग्रजीतून, आणि शेवटी म्हणाले, "राम कृष्ण हरी".